पडद्यातलं भोक

आमच्या घरात होडीच्या पोटात शिरायचं काम बायकांचं आणि बाहेर उभं राहून अक्कल शिकवायचं काम पुरुषांचं. हा नियम मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घातला. त्यांच्या शेडमध्ये लहान होड्या बनतात. डेकखालची जागा एवढीशी, तिथे धट्टाकट्टा पुरुष शिरला की अडकतो आणि शिव्या देतो. म्हणून लग्न होऊन आले आणि लगेच माझ्या हातात पक्कड आली. माझ्या जावेच्या हातात ती आधीपासून होती.

जाऊबाई थोरल्या दिरांची बायको. त्यांचं काम मागच्या टोकाला, इंजिनपाशी. माझं पुढच्या टोकाला, बॅटरीपाशी. इंजिन जड, ते मागे बसतं, म्हणून तोल राखायला आम्ही बॅटरी पुढे ठेवतो. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याएवढ्या जाड दोन केबल न्याव्या लागतात, एक लाल, एक काळी. त्या प्लॅस्टिकच्या पाइपातून जातात. आधी पाइपात दोरी सोडायची, दोरीला केबल बांधायची, साबणाचं पाणी चोळायचं, मग एकीने ढकलायचं आणि दुसरीने ओढायचं. एकमेकींचं तोंड दिसत नाही. नुसता आवाज येतो. सोडा. ओढ. थांबा.

गेल्या वर्षभरात आमच्या दोघींमध्ये असं एकेका शब्दाचंच बोलणं उरलं होतं.

वर्षापूर्वी थोरले दीर आमच्याच शेडमधली नवी होडी घेऊन समुद्रात गेले आणि ती होडी जळाली. दुसऱ्या एका होडीने त्यांना आणलं, तेव्हा ओळख पटली ती पट्ट्याच्या बकलावरून. मी ते पाहिलंय. जाऊबाईंनी तर चादर स्वतः बाजूला केली आणि परत नीट घातली. होडीचा जो सांगाडा ओढून आणला, त्यात मधला पत्र्याचा पडदा, म्हणजे होडीच्या पोटाचे दोन भाग करणारी आडवी भिंत, शाबूत होता. पडद्यातल्या भोकाच्या काठाला वितळलेलं तांबं चिकटलेलं होतं. मग सांगायची गरज उरली नाही.

पाइप पडद्याच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे दुसरा सुरू होतो. मधल्या भोकातून केबल उघडी जाते. पत्र्याची कड सुरीसारखी असते. तिथे रबराची एक चिरलेली रिंग बसवावी लागते, केबल ओढून झाल्यावर, भोकात दाबून. रिंग नसली तर इंजिनच्या थरथरीने पत्रा केबलची साल कापत राहतो. पत्रा इंजिनला जोडलेला, इंजिन काळ्या केबलला. लाल केबल उघडी पडली की बॅटरीतली सगळी ताकद त्या भोकात उतरते. इंजिन सुरू करायच्या केबलला फ्यूजही नसतो, कारण स्टार्टर एवढा करंट ओढतो की लावलेला फ्यूज उडतच राहील. थोडक्यात, दीर एका रबराच्या रिंगेपायी गेले.

ती रिंग जाऊबाई विसरल्या, हे मला माहीत होतं. मी तोंडातून ब्र काढला नाही. नवऱ्याला स्वतःच्या हाताने जाळलेल्या बाईला आणखी काय बोलायचं? पण त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच काडी लावली होती. भांडी आपटायच्या. मी दिसले की पाठ करायच्या. माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडे पाणी मागितलं तर पेला त्याच्यासमोर असा ठेवायच्या की अर्धं पाणी बाहेर. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं मी मनात म्हणायचे आणि गप्प बसायचे. मला गप्प बसणं जमत नाही, माझ्या आईला विचारा. तरी मी वर्षभर बसले.

त्या दिवशी, आगीनंतरची पहिली होडी तयार होत होती. सकाळी नवरा डेकवर चढला, टाच आपटून बघितली आणि म्हणाला, "उद्या पाण्यात सोडू. पहिली फेरी मीच मारणार."

जाऊबाई इंजिनपाशी वाकल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा की, भावजी. तुमच्या भावाला तिकडे एकटं वाटत असेल."

नवरा हसला. त्याला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. मी मात्र हसले नाही. तो डिझेल आणायला निघून गेला आणि आम्ही केबल ओढायला घेतल्या. मामंजी शेडच्या दारात नेहमीच्या खुर्चीत बसून दोराला गाठी मारत होते.

"सोडा," मी ओरडले.

"सोडतेय," मागून आवाज.

काळी केबल सरळ आली. लाल मध्येच अडली. मी पाय बॅटरीच्या खोक्याला लावून ओढलं, हिसका दिला, तरी येईना. मागून जाऊबाईही ढकलत होत्या, चांगल्याच जोरात, आणि प्रत्येक धक्का माझ्या मनगटात उतरत होता. मग एकदम काहीतरी सुटलं आणि केबल सरसरत आली. मी मागे आपटले. डेकच्या फळीवर डोकं असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हातातल्या केबलकडे बघितलं, तर लाल सालीवर लांबच लांब ओरखडा.

मी टॉर्च घेतला आणि पोटावर सरकत मधल्या पडद्यापर्यंत गेले. तसं कधी जात नाही. पडदा दोघींच्या बरोबर मध्ये, तिथे जायला दोघींनाही सारखाच त्रास. टॉर्च मारला. भोक उघडं होतं. रिंग नाही, चिंधी नाही, काही नाही. भोकाच्या काठावर लाल सालीचा कीस लोंबत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केबल अजून ओढूनच व्हायची होती, रिंग नंतर बसवतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कान सकाळचं वाक्य ऐकत होते. तुमच्या भावाला तिकडे एकटं वाटत असेल. या बाईला माझा नवरा जाळायचा आहे, असं मला वाटलं. वाटलं कसलं, मला ते दिसलंच. तीच चादर, तेच बकल, फक्त या वेळी बाजूला करणारी मी.

मी पुढे परत आले आणि ओरडले, "इकडे ये!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगं-तुगं केलं. जाऊबाई डेकवरून चालत आल्या आणि बॅटरीच्या खळग्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. हातात पाना होता. मी खाली कमरेएवढ्या खळग्यात.

"काय म्हणालीस?"

"भोकात रिंग घालणार होतीस की नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या तोंडावर थुंकले. मग पाना खळग्यात टाकून, खाली उडी मारून त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. उलट्या हाताने. ओठ दातावर आपटला आणि तोंडात रक्ताची चव आली.

"मला विचारतेस?" त्या म्हणाल्या. "तू? मला?"

मी त्यांचे केस धरले. खळगा दोन बायकांना उभं राहायला पुरत नाही, मारामारीला तर अजिबात नाही. आम्ही एकमेकींना धरून फळ्यांवर आपटत होतो. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी त्यांचं डोकं डेकच्या कडेवर हाणलं, एकदा, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा. त्यांच्या भुवईतून रक्त आलं आणि डोळ्यात गेलं. त्यांनी आंधळेपणाने माझा गळा धरला. तार ओढून ओढून त्यांच्या बोटांत पकडीसारखी ताकद आली आहे. माझा श्वास गेला. हाताला पाना लागला. मी तो उचलला आणि फिरवला.

देवाची कृपा की नेम चुकला. पाना त्यांच्या कानाजवळून गेला, फळीवर आपटला, हातातून निसटला आणि बॅटरीवर पडला. नेमका आडवा, दोन्ही टोकांवर.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बॅटरीला भीत नाहीत. त्यांनी हे बघायला हवं होतं. आधी वीज कडाडल्यासारखा आवाज, निळा उजेड, मग पाना तिथेच चिकटून लाल व्हायला लागला. बॅटरीचं खोकं शिजल्यासारखं खदखदलं. फुटली असती तर आतलं तेजाब दोघींच्या तोंडावर आलं असतं.

जाऊबाईंचा हात माझ्या गळ्यावरून गळून पडला. त्या तिथेच थिजल्या. त्या लाल पान्याकडे त्यांची नजर लागली होती आणि त्यांना काय दिसत होतं ते मला कळलं. मी पाना हाताने ओढला. अक्कल असती तर पाइपाच्या तुकड्याने ढकलला असता. पण अक्कल तेव्हा कुठे होती? तळहाताचं मांस चरचरलं, वास आला, पाना सुटून खाली पडला आणि मी अशी किंचाळले की दारातल्या मामंजींची खुर्ची करकरली.

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि हात साबणाच्या पाण्याच्या बादलीत खुपसला. मी सोडवायला गेले तर मान धरून मला खाली दाबलं. "राहू दे आत. राहू दे, मूर्ख!" हे म्हणताना त्यांच्या भुवईतलं रक्त टपटप बादलीत पडत होतं.

"मारायचंय ना मला?" मी रडत म्हणाले. "मग वाचवतेस कशाला? माझ्या नवऱ्याला मारायचंय. तुझ्या चुकीने तुझा गेला, म्हणून माझाही जायला हवा."

"माझ्या चुकीने?" त्यांनी मान सोडली. "रिंग तू घालतेस!"

"मी? मी कधी घातलीय? पडद्यापर्यंतचं सगळं तुझं."

"माझं इंजिनपासून पाइप संपेपर्यंत. पुढचं तुझं. पहिल्यापासून."

"मग आधीच्या सगळ्या होड्यांत रिंग कोण घालत होतं? प्रत्येक होडीत असायची, टॉर्च मारला की लांबून दिसायची. मी बघितलीय."

"मीही बघितलीय. तूच घालतेस, म्हणून तर मी कधी गेले नाही."

"रिंगांचा डबा तुझ्याकडे असतो," मी म्हणाले.

"माझ्याकडे?" जाऊबाईंचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुझ्याकडे."

बादलीतल्या पाण्यात माझा हात ठणकत होता. बाहेर मामंजींची खुर्ची पुन्हा करकरली.

"ते गेले तेव्हा मी तुला जाब विचारणार होते," जाऊबाई म्हणाल्या. "तोंडावर. मामंजींनी अडवलं. म्हणाले, धाकटी अजून लहान आहे, चुकली, आता बोलून काय तो परत येणार आहे? सोडून दे."

मी बादलीतून हात बाहेर काढला. "मला म्हणाले, थोरलीला आधीच दुःख आहे, तिच्याकडून राहून गेलं, तिला विचारू नकोस. तुझा मोठेपणा दिसेल."

मी तेव्हा फुशारले होते. माझा मोठेपणा! वर्षभर मी तो मोठेपणा मिरवला आणि एकाच ताटात जेवणाऱ्या बाईला मनातल्या मनात रोज फाडून खाल्लं.

आम्ही दोघी एकदमच खळग्यातून वर आलो आणि शिडीने खाली उतरलो. मामंजी उठून उभे राहायच्या प्रयत्नात होते, खुर्चीचे दोन्ही हात धरून. त्यांचे गुडघे गेलेत, चांगले दीडेक वर्ष झालं. आमच्याकडे बघितलं आणि परत बसले. एकीच्या तोंडावर रक्त, दुसरीचा हात सोललेला. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. तिथेच मला सगळं कळलं.

"कोण घालायचं रिंग?" जाऊबाईंनी विचारलं.

"अगं, आधी जखम बघा दोघी."

जाऊबाईंनी जमिनीवरचा पाइपाचा लांब तुकडा उचलला आणि खुर्चीच्या हातावर हाणला. मामंजींची बोटं जेमतेम वाचली. "कोण घालायचं?"

"मी," ते म्हणाले.

"कधी?"

"तुम्ही जेवायला जायच्या तेव्हा. जायचो आत आणि बसवून यायचो. दोन मिनिटांचं काम." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "मग गुडघे गेले. आत शिरता येईना."

"मग सांगितलं का नाही?"

जाऊबाईंनी पाइप दुसऱ्यांदा हाणला, या वेळी त्यांच्या मांडीवर. म्हातारा कळवळला. मी मध्ये पडले नाही. मी पडणार नव्हते.

"लाज वाटली," ते म्हणाले. "जन्मभर तुम्हाला सांगितलं की या शेडमधल्या होडीत कसूर निघत नाही. मला आत सरकता येत नाही हे सुनांना कसं सांगू? वाटलं, उघडं भोक दिसेल तुम्हाला. डोळे आहेत ना दोघींना. दिसेल आणि घालाल."

"आणि ते जळाल्यावर?"

"जळाल्यावर काय सांगू? माझ्या पोराला मी मारलं, असं?"

"म्हणून आम्हाला एकमेकींच्या अंगावर सोडलंत," मी म्हणाले. "वर दोघींना शहाणपणा शिकवलात."

"घर तर राहिलं ना एकत्र," ते पुटपुटले.

हे ऐकल्यावर जाऊबाईंनी पाइप टाकला आणि त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. "आत चला."

"कुठे?"

"पडद्यापाशी. तुमचं काम आहे, तुम्ही करा."

आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीतून उपसलं. ते सुकलेले, हलके होते, पण धडपडत होते. खुर्ची लवंडली तेव्हा तिच्याखाली कापडात गुंडाळून ठेवलेला रिंगांचा डबा दिसला. मी डाव्या हाताने एक रिंग काढून त्यांच्या मुठीत कोंबली. शिडीवर त्यांचा पाय घसरला, नडगी सोलली. जाऊबाईंनी काखेत हात घालून वर ओढलं, मी खालून ढकललं. खळग्यात उतरवलं आणि डेकखालच्या फटीत त्यांचं डोकं दाबलं. ते रडत होते. "गुडघे, पोरींनो, गुडघे," म्हणत होते. मी त्यांच्या तळव्यांना खांदा लावला आणि ढकललं. असं म्हाताऱ्या माणसाला कुणी ढकलतं का? मी ढकललं. त्यांच्या गुडघ्यातून आलेला आवाज मला ऐकू आला आणि मी थांबले नाही.

तेवढ्यात नवरा डिझेलचे कॅन घेऊन आला. बापाचे पाय होडीच्या पोटात जाताना दिसले, बायको आणि वहिनी रक्ताने माखलेल्या दिसल्या. कॅन टाकून तो वर झेपावला आणि त्याने जाऊबाईंना दंडाला धरून बाजूला भिरकावलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

मी त्याच्या आणि खळग्याच्या मध्ये उभी राहिले. तो मला बाजूला सारायला आला तेव्हा मी जळलेल्या हातानेच त्याच्या छातीवर बुक्की मारली. त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागलं. मग मी सांगितलं. सगळं, एका दमात, डबा, रिंग, धाकटी लहान आहे, थोरलीला दुःख आहे. तो ऐकताना एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा त्या अंधाऱ्या फटीकडे. मग डेकवर मटकन बसला.

आतून मामंजींचा हुंदका ऐकू येत होता, आणि मध्येच रबर पत्र्यावर घासल्याचा आवाज. बराच वेळ लागला. त्यांना दिसत नव्हतं, मी टॉर्च दिला नव्हता.

"बसली," आतून अगदी बारीक आवाज आला.

जाऊबाई उठल्या. मागच्या बाजूने त्या आत शिरल्या, इंजिनच्या अंगाने, आणि पडद्यापर्यंत गेल्या. पत्र्याच्या एका बाजूला तो म्हातारा, दुसऱ्या बाजूला त्या. रिंग चाचपून बघताना त्यांच्या हाताला त्याची बोटं लागली असणार. त्या परत बाहेर आल्या, ढोपरं आणि हात ग्रीसने काळे झालेले.

"ती केबल काढून टाक," त्या मला म्हणाल्या. "सोललीय. नवी ओढू, मग रिंग आपण दोघी बसवू."

"मी उद्या जात नाही," नवरा म्हणाला. "ही होडी मी पाण्यात सोडणार नाही."

"सोडायची," जाऊबाई म्हणाल्या. "भावजी, जायचं तुम्ही. होडी चांगली आहे. मी हात लावून बघितलंय."

त्या तिथेच इंजिनला टेकून खाली बसल्या. दीर गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. चादर घालतानाही नाही, नंतरही नाही. वर्षभर त्यांना माझ्यावरचा राग पुरला होता. आता तो कुणीतरी हातातून काढून घेतला होता आणि मागे फक्त त्यांचा नवरा उरला होता, नसलेला. त्यांच्या पोटातून असा आवाज आला की बाहेर पक्षी उडाले.

नवरा बापाला बाहेर काढायला पुढे गेला आणि मी मागे, त्यांच्याकडे. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला ढकललं, गुद्दे मारले, तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. मी सोडलं नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यात दात रोवले. कापडातून, कातडीतून, चांगले खोल. मला ओरडावंसं वाटलं. पण मी दुसरा हात त्यांच्या डोक्यामागे नेला, धरून ठेवला आणि त्यांना चावू दिलं.